विजासनच्या अंधारात तरंगणारं दार

भर उन्हाळ्यातल्या दुपारी भद्रावतीच्या विजासन लेण्यात शिरलं की पहिले काही क्षण माणूस आंधळाच होतो. टेकडीच्या पोटात सुमारे 70 फूट सरळ गेलेला बोळ, टोकाला बसलेली बुद्धमूर्ती, आणि पाठीमागे दाराच्या चौकटीत चंद्रपूर जिल्ह्याचं ते पांढरंफटक ऊन. अर्ध्या वाटेवर थांबून मी त्या दाराकडे टक लावून पाहिलं आणि अंधाराकडे तोंड फिरवलं. दार माझ्याबरोबर आत आलं. उजळ चौकोन, मग कडेने जांभळट, मग काळपट. आणि तो सरकत होता.

ही उत्तरप्रतिमा. ती उमटते का, हे समजायला फारसं अवघड नाही. दृष्टिपटलावरच्या ज्या पेशींनी ऊन झेललं, त्यांतलं रंगद्रव्य विरतं, आणि शेजारणींच्या मानाने त्या काही काळ मंद पडतात. कोडं आहे ते सरकण्याचं. ठसा त्याच पेशींवर बसलेला. डोळा कुठेही वळो, पटलावर तो केसभरही हलत नाही. मग चालतं ते काय?

चालतो तो मेंदूचा हिशेब. एरवी डोळा वळला की पटलावरचं सगळं चित्र सरकतं, तरी भिंत जागची हलल्यासारखी वाटत नाही. कारण डोळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतानाच मेंदू त्याची नक्कल स्वतःकडे ठेवतो आणि चित्राच्या सरकण्यातून तेवढं वजा करतो. बाकी शून्य, म्हणजे जग स्थिर. उत्तरप्रतिमेच्या बाबतीत हुकूम सुटतो, चित्र मात्र सरकत नाही. वजा करायला गेलं की हुकुमाएवढीच बाकी उरते, आणि मेंदू ती वस्तूच्या नावे लिहून टाकतो.

हेल्महोल्ट्झने 19व्या शतकात या दिशेने विचार केला होता. 1950 साली जर्मनीत फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी माशीवर, तर अमेरिकेत रॉजर स्पेरीने माशावर प्रयोग करून तोच हिशेब मांडला. माशीचं डोकं उलटं फिरवून चिकटवलं, तर ती गोल गोल फिरतच राहिली. वजाबाकीच्या जागी बेरीज झाली होती!

पडताळा घरी घेता येतो. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला बोटाने अगदी हलकं दाबा. खरं दार हलतं, उत्तरप्रतिमा ढिम्म. बोटाने ढकललेल्या डोळ्यासाठी कुणी हुकूमच सोडलेला नसतो. (सूर्याकडे बघून मात्र हे करू नये. न्यूटनने आरशातला सूर्य पाहिला आणि पुढे तीन दिवस अंधाऱ्या खोलीत काढले.)

लेण्यात तर हालचालीला रानच मोकळं. डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, आणि अंधारात त्याचं भरकटणं ताडून बघायला दुसरी खूणही नसते. चौकोन नजरेच्या मध्यापासून थोडा बाजूला असेल, तर त्याला गाठायला जावं तसा तो पुढे पळतो. मोबाइलच्या मंद उजेडात तळहातावर पाहिला तर काडेपेटीएवढा, लांबच्या भिंतीवर पाहिला तर दाराएवढा. ठसा तोच, अंतर धरून आकार ठरवतो तो मेंदू. 1881 मध्ये एमर्टने हा नियम नोंदवला.

भद्रावतीतच या भ्रमाचा एक चुलतभाऊ भेटतो. ग्रामोदय संघामुळे या गावाची मातीकाम ही ओळख आहे. फिरत्या चाकाच्या मध्यावर अर्धा मिनिट नजर ठेवा आणि चाक थांबू द्या. थांबलेली माती उलटी फिरताना दिसते, जागची न सुटता. इथे डोळ्याच्या हुकुमाचा संबंध नाही. उजव्या आणि डाव्या फिरण्याला जाग्या होणाऱ्या पेशी वेगवेगळ्या. एक बाजू थकली की पारडं दुसरीकडे झुकतं. स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यापाशी 1834 मध्ये रॉबर्ट ॲडम्सला शेजारचे खडक असेच वर चढताना दिसले होते.

विजासनमधला माझा चौकोन हळूहळू विरत गेला. पटलावर जे जराही हलत नाही, ते दिसेनासं होतं. त्याच्यामागून बुद्धाचे गुडघे, मग खांदे वर येऊ लागले. मी डोळे मिचकावले, आणि दार परत आलं.