गादी गेली, लालबाग राहिला

परदेशीपुरा म्हटलं की इंदूरच्या माणसाला मालवा मिल आणि हुकुमचंद मिलचे भोंगे आठवतात. या गिरण्या उभ्या राहत होत्या त्याच काळात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, खान नदीच्या काठी होळकरांचं एक घर बांधून होता होत नव्हतं. तो लालबाग पॅलेस. बांधकाम सुरू झालं १८८६ मध्ये, संपलं १९२१ मध्ये. त्याला व्हिक्टोरियन म्हणायची पद्धत आहे, पण पूर्ण होईतो राणीचा नातू पंचम जॉर्ज गादीवर होता.

पाया घालणारे दुसरे तुकोजीराव १८८६ मध्येच वारले. मोठे हिशेबी राजे. खांडवा-इंदूर रेल्वेसाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, तेही साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर! त्यांचे पुत्र शिवाजीराव मात्र तापट. इंग्रज रेसिडेंटशी त्यांचं कधी जमलं नाही आणि १९०३ मध्ये बारा वर्षांच्या मुलासाठी त्यांना गादी सोडावी लागली.

तो मुलगा म्हणजे तिसरे तुकोजीराव. आज दिसतो तो लालबाग बराचसा त्यांच्या हौसेचा आहे. बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीची फाटकं विलायतेत ओतवून जहाजाने आणली. आत इटालियन संगमरवर, छतावर ग्रीक देवदेवता, नाचासाठी स्प्रिंगवर बसवलेली लाकडी जमीन. मुदपाकखाना मात्र नदीपलीकडे; जेवण भुयारातून यायचं. माळव्याच्या उन्हात हा थाट मला थोडा परकाच वाटतो. पण इंग्रजांसारखं घर बांधलं म्हणून इंग्रज सांभाळून घेतील, या समजात त्या काळी बरेच संस्थानिक होते.

तो समज पाच वर्षंही टिकला नाही. दरबारातून निघून गेलेली नर्तकी मुमताज बेगम मुंबईत अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याकडे राहत होती. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर तिला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात बावलाचा खून पडला. हल्लेखोर इंदूरचे निघाले. महाराजांवर थेट काही शाबीत झालं नाही, पण चौकशी आयोगाला तोंड द्या किंवा पायउतार व्हा, असं सरकारने बजावलं. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. नाशिकला शुद्धी होऊन ती शर्मिष्ठादेवी झाली.

गादीवर आलेल्या यशवंतरावांना वडिलांची आवड मुळीच मानवली नाही. त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग राजवाडा उभारला: सरळ रेषांचा, नक्षी नसलेला. त्यात आता केंद्राचं करखातं बसतं. यशवंतराव १९६१ मध्ये गेले. तुकोजीराव त्यांच्यानंतरही सतरा वर्षं जगले आणि १९७८ मध्ये पॅरिसला वारले. लालबाग पुढे राज्य सरकारकडे आला, आणि आता तिकीट काढून कुणालाही पाहता येतो.