रानडुक्कर आणि काणी : ज्वारीचे दोन शत्रू

छत्रपती संभाजीनगर येथील शहागंजच्या बाजारात खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांमध्ये पिकाच्या नुकसानीची गोष्ट निघाली की रानडुकराचे नाव प्रथम येते. दाणे काणीचे क्वचितच. कारण उघड आहे. रानडुकराने केलेली नासधूस सकाळी डोळ्यांस दिसते. काणी शेतात कधी शिरली, हे कोणासच दिसत नाही.

रानडुक्कर हा सस्तन प्राणी होय. ते बहुधा रात्री कळपाने येते, ताटे लोळविते व कणसे खाते. काणी ही बुरशी होय. बुरशीत हरितद्रव्य नसते. म्हणून प्राण्याप्रमाणेच तिलाही दुसऱ्याने तयार केलेल्या अन्नावर जगावे लागते. मात्र रानडुक्कर बांध ओलांडून येते, तर काणी आपल्याच बियाण्यातून येते. मळणीच्या वेळी रोगट दाणे फुटून त्यांतील काळी भुकटी निरोगी दाण्यांस चिकटते. पेरणीनंतर दाण्याबरोबर ती रुजते, कोवळ्या रोपात शिरते आणि ताटासोबत वाढते. कणीस बाहेर पडल्यावर दाण्यांच्या जागी करड्या पिशव्या दिसतात. त्या वेळी औषध मारून गेलेला दाणा परत मिळत नाही.

यास्तव दोहोंच्या बंदोबस्ताची वेळ निरनिराळी आहे. रानडुकरासाठी उभ्या पिकात राखण करावी. या प्राण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कुंपणात घरगुती वीज सोडणे हा गुन्हा असून त्यात माणसांचेही प्राण जातात. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करावा.

काणीचा बंदोबस्त मात्र पेरणीपूर्वीच करावा लागतो. घरच्या बियाण्यास दर किलोस 300 मेश गंधकाची भुकटी 4 ग्रॅम या प्रमाणात चोळावी. म्हणजे दहा किलोंस 40 ग्रॅम पुरते. चोळलेले बियाणे खाण्यास वापरू नये. शेतात काणीची कणसे दिसताच ती अलगद कापडी पिशवीत कापून घ्यावीत व जाळावीत. खळ्यावर नेऊ नयेत.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पेरणीपूर्वी ही क्रिया गावात प्रत्यक्ष करून दाखवावी. रानडुकरासाठी शेतकरी रात्र रात्र जागतो. काणीसाठी पेरणीपूर्वीची अर्धी घटका पुरेशी आहे.