आयसोॲमिल ॲसिटेट

एक कार्बनी एस्टर. यास आयसोपेंटिल ॲसिटेट असेही म्हणतात. पिकलेल्या केळ्यासारख्या वासामुळे व्यापारात हे ‘बनाना ऑइल’ या नावाने ओळखले जाते. मात्र रासायनिक दृष्ट्या ते तेल नव्हे. याच्या रेणूत कार्बनाचे ७, हायड्रोजनाचे १४ व ऑक्सिजनाचे २ अणू असतात. हा रंगहीन, ज्वालाग्राही द्रव असून त्याचा उकळबिंदू सु. १४२° से. आहे. पाण्यात तो अत्यल्प, पण अल्कोहॉल व ईथर यांत सहज विरघळतो.

आढळ व निर्मिती : केळ्याच्या वासातील हा एक प्रमुख घटक असून किण्वनाच्या वेळी यीस्टही तो तयार करते. त्यामुळे काही प्रकारच्या बिअरना केळ्याचा वास येतो. आयसोॲमिल अल्कोहॉल व ॲसिटिक अम्ल यांचे मिश्रण संहत सल्फ्यूरिक अम्ल हा उत्प्रेरक वापरून तापविल्यास हे एस्टर व पाणी मिळते. विक्रिया व्युत्क्रमी असल्याने एक विक्रियाकारक जादा घेऊन किंवा तयार होणारे पाणी काढून टाकून उत्पादन वाढवितात. नंतर धुऊन व ऊर्ध्वपातन करून ते शुद्ध करतात. लागणारे अल्कोहॉल फ्यूजेल तेलापासून मिळविता येते. उसाच्या मळीपासून अल्कोहॉल तयार करताना हे तेल उपपदार्थ म्हणून मिळते.

उपयोग : मिठाई, पेये इत्यादींना स्वाद आणण्यासाठी, सुगंधी मिश्रणांत व नायट्रोसेल्युलोज लॅकरांचा विद्रावक म्हणून याचा उपयोग होतो. बाष्परोधक मुखवटा चेहऱ्यावर नीट बसला आहे की नाही, हेही याच्या साहाय्याने तपासतात : मुखवटा घातलेल्या व्यक्तीस केळ्याचा वास आल्यास कडेने गळती होत आहे, असे समजतात. वास ओळखू न शकणाऱ्या व्यक्तीस ही कसोटी लावता येत नाही.

मधमाश्यांतील कार्य : मधमाश्यांच्या नांगीलगतच्या ग्रंथींतून स्रवणाऱ्या धोकासूचक द्रव्याचा हा प्रमुख घटक असल्याचे १९६२ मध्ये आढळून आले. आग्या मधमाश्यांतही तो असतो. डंखानंतर नांगी त्वचेत रुतून राहते व तिच्यातून हा वास पसरत राहिल्याने इतर माश्या त्याच जागी डंख करण्यास उद्युक्त होतात. म्हणून नांगी तत्काळ काढून तेथून दूर जाणे आवश्यक असते. मधुपाल वापरतात तो धूर माश्यांची या वासाबाबतची संवेदनशीलता तात्पुरती कमी करतो.