जयंतीचा पाळणा : आनंद मुलांचा, जबाबदारी समितीची

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीतली पोरं विचारू लागतात, यंदा पाळणा येणार का? जंपिंग येणार का? वर्गणीतून चार पैसे मुलांच्या आनंदासाठी काढणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण पाळण्यावरून मूल पडले, तर हातावर पोट असणाऱ्या घराचा रोजगार बुडतो आणि कर्ज होते. म्हणून पाळणा ठरवतानाच त्याच्या सुरक्षिततेचेही ठरवावे.

पहिली गोष्ट जागेची. गटारावरची लादी, उताराची किंवा नुकतीच भर टाकलेली जमीन पाळण्याला चालत नाही. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, हे पाहा. गल्लीत रुग्णवाहिका शिरेल एवढी वाट मोकळी ठेवा. पाळण्याभोवती कठडा हवा. आधी रिकामा पाळणा फिरवून पाहावा आणि प्रत्येक बैठकीची आडवी दांडी तपासावी. बसणाऱ्यांनी केस, पदर, ओढणी आवरून घ्यावी.

हवेची जंपिंग मऊ दिसते, म्हणून आपण निर्धास्त राहतो. तिथेच चूक होते. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातील टास्मानियात, डेव्हनपोर्ट येथील एका प्राथमिक शाळेत वाऱ्याने जंपिंग उचलली गेली आणि सहा मुले दगावली. आपल्याकडे एप्रिलमध्ये वळवाच्या पावसाआधी अचानक वावटळ उठते. त्यामुळे जंपिंगला जितकी कडी आहेत, तितके दोर मजबूत खुंट्यांना बांधलेच पाहिजेत. वारा सुटला की मुले लगेच खाली उतरवा. मोठी आणि लहान मुले एकत्र सोडू नका. एकमेकांवर आदळूनच हातपाय मोडतात. भर दुपारी ते प्लास्टिक तापून चटके बसतात, तेव्हा खेळ संध्याकाळी ठेवा आणि शेजारी पिण्याचे पाणी ठेवा.

तिसरी गोष्ट विजेची. आकडा टाकू नका. वीज कंपनीकडून तात्पुरती अधिकृत जोडणी घ्या. लोखंडी पाळण्याला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या. उघडे जोड जमिनीवर पडू देऊ नका.

आता जबाबदारीचे. "काही झाले तर आम्ही जबाबदार नाही" असा फलक पाळणेवाल्याने लावला, तरी निष्काळजीपणा माफ होत नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोष पाळणेवाल्याचा की समितीचा, हे चौकशीत ठरते. पण पहिला प्रश्न समितीलाच विचारला जातो. म्हणून तोंडी व्यवहार नको. पाळणेवाल्याचे नाव, पत्ता, पाळण्याची शेवटची तपासणी कधी झाली, चालवणारा माणूस कोण, हे सारे लिहून सही घ्या. पोलीस आणि नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी फाईलला लावा. कार्यक्रमाचा विमा काढत असाल, तर त्यात पाळणे आणि जंपिंग धरले आहेत का, हे आधी विचारा. आणि प्रत्येक पाळण्याजवळ समितीचा एक कार्यकर्ता नेमा, ज्याला "बंद करा" म्हणण्याचा अधिकार असेल.

एवढे करूनही अपघात झालाच, तर : हात-पाय मोडल्याची शंका आली, तर चोळू नका, ओढू नका, पुठ्ठा किंवा काठी लावून सैल बांधा आणि दवाखान्यात न्या. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी आली, तर घरी थांबू नका. शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक मंडपात मोठ्या अक्षरांत लावा.

समितीच्या पुढच्या बैठकीत मिरवणुकीच्या खर्चाबरोबर हाही विषय घ्या. महिला मंडळातील माता-भगिनींनी तो आग्रहाने मांडावा. पाळण्यात बसणारी मुले त्यांचीच आहेत.