अंधाऱ्या मेघातील बालतारे

विद्यार्थी मित्रांनो, डिसेंबर महिन्यात रात्री आकाशात पूर्वेकडे पाहा. छोट्या ताऱ्यांचा एक दाट पुंजका दिसेल. मराठीत त्याला कृत्तिका म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यालाच सुरैया म्हणता. त्याच्या मागोमाग एक तांबूस तारा उगवतो. ती रोहिणी. इंग्रजीत तिला अल्डेबरान म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ 'मागून येणारा' असा आहे. आकाशाच्या या भागाला वृषभ रास म्हणतात.

याच भागात वायू आणि धूळ यांचे प्रचंड मेघ पसरलेले आहेत. ते स्वतः चमकत नाहीत, उलट मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवतात. म्हणून छायाचित्रात तेथे काळे डाग दिसतात. पण ती जागा रिकामी नाही. तेथे तारे जन्माला येत आहेत!

तारा कसा जन्मतो? मेघाच्या आत कडाक्याची थंडी असते. तापमान शून्याखाली सुमारे २६० अंश सेल्सिअस. थंड वायूचा एखादा गोळा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसू लागतो. आकसताना त्याचा मध्यभाग तापत जातो. पुढे तेथे हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर सुरू होते आणि तारा स्वतःच्या बळावर तळपू लागतो. आपला सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका मेघात जन्मला. म्हणजे या मेघांचा अभ्यास हा आपल्याच घराण्याचा इतिहास आहे.

पण धुळीच्या पडद्याआड दडलेला बालतारा पाहायचा कसा? गांधीबागेतील कापडाच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. दिव्यासमोर कापडाचा जाड तागा, म्हणजे तुमचे 'थान', धरले तर दिवा दिसत नाही. मात्र ट्रान्झिस्टर त्याच ताग्याखाली झाकला तरी आकाशवाणीचा कार्यक्रम ऐकू येतो. प्रकाशाच्या आखूड लहरी अडतात. रेडिओच्या लांब लहरी पार जातात. मेघातील धुळीचे कण तर अतिशय बारीक असतात. ते लांब रेडिओलहरींना अडवू शकत नाहीत.

अशा लहरी टिपणारी एक मोठी दुर्बीण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ती उभी आहे. थोर शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकार झाली. तिच्यात ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. तबकड्या पोलादी तारांच्या जाळीच्या असल्यामुळे वारा आरपार जातो. म्हणून त्या हलक्या आणि कमी खर्चात बनल्या. सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या या तबकड्या मिळून एकाच अवाढव्य दुर्बिणीसारखे काम करतात.

या दुर्बिणीने वृषभ राशीतील 'डीजी टाउरी' या बालताऱ्याचा वेध घेतला. तो सुमारे चारशे ते साडेचारशे प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या लहरी तेथून निघाल्या तेव्हा आपले नागपूर शहर वसलेही नव्हते! बालताऱ्याभोवती वायूची चकती फिरत असते. तिच्यातील काही वायू ताऱ्यावर पडतो, तर काही फवाऱ्यासारखा वेगाने बाहेर फेकला जातो. हा फवारा भोवतालच्या वायूवर आदळतो. त्या धडकेने काही इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागतात आणि चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओलहरी सोडतात. अशा लहरींच्या खुणा सापडल्याचे संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केले.

हे महत्त्वाचे का? विश्वकिरण नावाचे वेगवान कण अवकाशात सर्वत्र धावत असतात. ते मेघात शिरून तेथील वायूवर परिणाम करतात. त्यांपैकी काही कण सूर्यासारख्या लहान बालताऱ्यांजवळही तयार होत असतील, असे या वेधांवरून वाटते. मात्र संशोधकांनी आपला पुरावा प्राथमिक आहे असे स्पष्ट लिहिले. मित्रांनो, जेवढे सिद्ध झाले तेवढेच सांगायचे, हीच विज्ञानाची शिस्त आहे.

आकाशातून येणाऱ्या या लहरी अतिशय क्षीण असतात. जवळच्या मोबाइल फोनच्या लहरी त्यांना सहज झाकून टाकतात. म्हणूनच मोठ्या शहरांच्या गजबजाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला असलेली जागा या दुर्बिणीसाठी निवडली. तिच्या परिसरात ही रेडिओ-शांतता जपावी लागते. शांतता टिकली, तरच दूरच्या बालताऱ्याची हाक आपल्याला ऐकू येईल.

स्वाध्याय

१. कृत्तिका आणि रोहिणी यांची उर्दू किंवा अरबी नावे सांगा.
२. मेघातून प्रकाश पार होत नाही, पण रेडिओलहरी पार होतात. का?
३. खोडदच्या दुर्बिणीचे वर्णन पाच वाक्यांत करा.
४. 'रेडिओ-शांतता जपावी लागते' असे लेखकाने का म्हटले आहे?