रुग्णालयातली रंगीत तालीम

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात लोकल गाड्यांमध्ये स्फोट झाले. रुळांलगतच्या वस्तीतल्या लोकांनी जखमींना चादरींत उचललं आणि मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात पोचवलं. मोठ्या दुर्घटनेत असंच होतं. रुग्णवाहिकेची वाट पाहायला कुणी थांबत नाही, त्यामुळे जखमी कसल्याही वर्गवारीविना थेट आपल्या दारात येतात. म्हणून डॉक्टर-सिस्टरांपासून मामा-मावशींपर्यंत सगळ्यांचं प्रशिक्षण दारापासूनच सुरू करावं. त्यासाठीची रंगीत तालीम, म्हणजे मॉक ड्रिल, कशी घेतात ते क्रमाने पाहू.

आधी टेबलावरची तालीम. रुग्णालयाचा नकाशा मधे ठेवायचा आणि सांगायचं, ‘घाटात एसटी उलटलीय, चाळीस प्रवासी आहेत.’ मग एकेकाला विचारायचं, आता आपण काय कराल? मागच्या फाटकाची किल्ली कुणाकडे असते, जादा स्ट्रेचर कुठल्या खोलीत आहेत, हे प्रश्न इथेच निघतात. खर्च फक्त चहाचा.

खरी तालीम फोनपासून सुरू होते. फोन घेणाऱ्याने जागा, घटना, जखमींचा अंदाज, यायचा रस्ता आणि गॅसगळती किंवा तुटलेल्या तारांसारखा अजून असलेला धोका लिहून घ्यायचा. पोलीस आणि 108 ला कळलंय का तेही विचारायचं. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचं. बहुतेक वेळा राहतो तो फोन करणाऱ्याचा नंबर, आणि मग पुढचं काहीच विचारता येत नाही.

दुसरा टप्पा घोषणेचा, आणि इथेच गाडी अडते. ‘साहेबांना विचारून सांगतो’ यात मोलाची मिनिटं जातात. रात्रपाळीच्या डॉक्टरला आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार लेखी दिलेला असावा. वीस वेळा उगाच जाहीर झाली तरी चालेल.

मग जागा करायची. घरी जाऊ शकतील अशा रुग्णांना सुट्टी द्यायची, ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवायच्या, कॅज्युअल्टी मोकळी करायची.

आता मुख्य काम, ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी हात लावायचा याची झटपट वर्गवारी. ‘स्टार्ट’ ही पद्धत 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचचं अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी तयार केली. ती घटनास्थळासाठी असली तरी न निवडलेले जखमी दारात आले की तिथेही उपयोगी पडते. एका जखमीला साधारण अर्धा ते एक मिनिट.

प्रथम मोठ्याने सांगायचं, ‘ज्यांना चालता येतं त्यांनी या बाजूला या.’ ते हिरवे. उरलेल्यांपैकी कुणाचा श्वास चालत नसेल तर मान सरळ करून श्वासमार्ग उघडायचा. श्वास आला तर लाल, म्हणजे सर्वांत आधी उपचार; नाही आला तर काळा. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. ‘माझा हात दाबा’ एवढं सांगूनही कळत नसेल तरी लाल. या सगळ्यातून सुटला तो पिवळा. नख दाबून रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का, ही मूळ चाचणी; पण अंधारात आणि थंडीत ती फसवते, म्हणून नाडीच पाहिलेली बरी. लहान मुलांसाठी वेगळा तक्ता असतो: श्वास नाही पण नाडी आहे अशा मुलाला आधी पाच श्वास देऊन पाहतात.

जखमींचं सोंग सहसा नर्सिंगच्या विद्यार्थिनी घेतात. रक्तासाठी घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग. मुंग्या लागतात एवढं सोडलं तर उत्तम. धडधाकट मुलगी मिनिटाला 36 श्वास फार वेळ घेऊ शकत नाही, म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी असते. एका चिठ्ठीवर असतं, ‘श्वास 36, नाडी लागते, नाव सांगते, अंगावर जखम नाही.’ ही भिंतीला टेकून गप्प बसलेली असते. शेजारी पायातून रक्त वाहणारी दुसरी किंचाळत असते आणि सगळे तिच्याभोवती. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे तर ओरडण्यावरूनच कळतं. तिची जखम घट्ट दाबून बांधायची, पुढचं पाहायचं आणि सरकायचं. गप्प बसलेली लाल आहे.

सर्वांत जड जातो तो काळा रंग. एकच रुग्ण असता तर आपण छातीवर दाब देत राहिलो असतो, आणि तेच बरोबर होतं. इथे त्यात दोघं अडकले की तीन लाल वाट पाहतात. हे वाचून पटतं, पण हात मागे घेणं सरावानेच जमतं. माणसं मोकळी झाली की काळ्यांनाही पुन्हा तपासायचं.

रंगाची पट्टी मनगटाला किंवा घोट्याला बांधायची. कपड्यांना लावली तर कपडे कापताना तीही जाते.

दारात आधी पोचतात ते बहुधा किरकोळ जखमी, कारण ते चालत येतात. त्यांनीच कॅज्युअल्टी भरली की लाल रुग्णाला ट्रॉली उरत नाही. म्हणून हिरव्यांची जागा पूर्ण वेगळी हवी, आणि तिथे एक सिस्टर हवीच: पोटात रक्तस्राव असलेला माणूसही सुरुवातीला चालत येतो. रंग बदलतो, म्हणून ठरावीक वेळाने फेरतपासणी.

नोंदणीत बेशुद्ध रुग्णाला ‘अज्ञात पुरुष 1’ असा क्रमांक द्यायचा आणि नाव कळलं तरी तो पुसायचा नाही. तपासणीचे नमुने, रक्ताच्या पिशव्या, एमएलसीची, म्हणजे पोलीस केसची, कागदपत्रं सगळं त्याच क्रमांकावर चालतं. नातेवाइकांसाठी एक खोली, एकच बोलणारा माणूस आणि दर अर्ध्या तासाला नवी यादी. यादी नसली की माणसं वॉर्डात शिरतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

बॅनर लावून, पाहुणे बोलावून शनिवारी अकराला घेतलेल्या तालमीत सगळं सुरळीत पार पडतं, म्हणूनच तिचा उपयोग कमी. एकदा तरी रात्रपाळीत घ्यावी. दाखल रुग्णांना आणि पोलिसांना मात्र आधी कळवून.

तालीम संपली की घरी जाण्याआधी तिथेच बसायचं. आधी मावशींना आणि सुरक्षारक्षकाला बोलू द्यायचं, साहेबांनी शेवटी. निघालेल्या प्रत्येक त्रुटीपुढे एक नाव आणि एक तारीख लिहायची. पुढची तालीम त्या यादीवरून सुरू करायची.