मोटारीचा टायमिंग बेल्ट : बदलण्याची वेळ व संलग्न भाग

प्रास्ताविक :
मोटारीच्या देखभालीत इंजिन ऑइल, ब्रेक व टायर यांकडे मालकाचे लक्ष असते, कारण त्यांची झीज दिसते किंवा जाणवते. टायमिंग बेल्ट मात्र आवरणाखाली झाकलेला असतो व पुष्कळदा पूर्वसूचना न देता निकामी होतो. प्रस्तुत लेखकाने नऊ वर्षे जुनी मोटार विकत घेतली, तेव्हा मीटरवर केवळ ४१,००० किलोमीटर अंतर नोंदलेले होते. एवढ्या कमी वापरात बेल्ट बदलण्याचे कारण नाही, असे गृहीत धरले गेले. चार महिन्यांनी परीक्षेच्या कामासाठी जाताना इंजिन एकाएकी बंद पडले. बेल्टचे दात तुटले होते व झडपा वाकल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च नवीन बेल्टच्या खर्चाच्या अनेक पट झाला. अंतर पाहिले, पण बेल्टचे वय विचारात घेतले नाही, ही चूक होती. या अनुषंगाने बेल्ट केव्हा बदलावा व त्यासोबत कोणते भाग बदलावेत, याचे विवेचन येथे केले आहे.

बेल्टचे कार्य :
क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचविणे हे या दातेरी पट्ट्याचे कार्य होय. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. हा मेळ बिघडल्यास अनेक इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो. काही इंजिनांत दोहोंमध्ये पुरेशी जागा राखलेली असते. तेथे इंजिन बंद पडते, परंतु आतील हानी टळते.

सर्वच मोटारींत बेल्ट नसतो. २०१४ पर्यंत उत्पादनात असलेली मारुती ८०० आणि १९९८ मध्ये आलेली ह्युंदाई सँट्रो यांत बेल्ट होता. २००८ पासून आलेल्या मारुतीच्या के-मालिकेतील इंजिनांत साखळी आहे. आपल्या इंजिनात काय आहे, हे प्रथम माहितीपुस्तिकेतून जाणून घ्यावे.

बदलण्याची वेळ :
बेल्ट कृत्रिम रबराचा असून त्यात काचतंतूंच्या दोऱ्या व दातांवर नायलॉनचे कापड असते. चालण्याने दात झिजतात. उष्णता, ओझोन व काळ यांमुळे रबर कडक होते. म्हणूनच उत्पादक बहुधा अंतर व वर्षे अशा दोन मर्यादा देतात आणि यांपैकी जी आधी येईल ती पाळावयाची असते. जुन्या इंजिनांसाठी अंतराची मर्यादा सर्वसाधारणपणे ६०,००० ते १,००,००० किलोमीटर आढळते; नव्या इंजिनांत ती अधिकही असते. अंतिम प्रमाण मात्र त्या इंजिनाची माहितीपुस्तिकाच होय.

अध्यापकवर्गाला हा मुद्दा विशेष लागू पडतो. महाविद्यालय दहा किलोमीटरवर असेल, तर २२० दिवसांत जाण्यायेण्याचे ४,४०० किलोमीटर होतात. इतर प्रवासाचे २,००० धरल्यास वार्षिक वापर ६,४०० किलोमीटर होतो. या गतीने ८०,००० किलोमीटर पूर्ण होण्यास साडेबारा वर्षे लागतील. तोपर्यंत वर्षांची मर्यादा बहुधा केव्हाच उलटून गेलेली असते. मीटरवरचा लहान आकडा म्हणून दिलासा देणारा नाही.

बेल्टवर भेगा, तेलाचे डाग किंवा सुटलेले धागे दिसल्यास तो मुदतीची वाट न पाहता बदलावा. मात्र वरून चांगला दिसणारा बेल्टही आतून कमकुवत असू शकतो. जुन्या मोटारीच्या बेल्टची लेखी नोंद उपलब्ध नसेल, तर तो मुदतबाह्य समजणे योग्य ठरते.

संलग्न भाग :
बेल्टला ताण देणारा टेन्शनर व त्याला दिशा देणारा आयडलर यांतील बेअरिंग बेल्टइतकेच फिरलेले असते. ते अडकल्यास नवीन बेल्टही निकामी होतो. काही इंजिनांत पाण्याचा पंप याच बेल्टवर चालतो. तेथे तोही सोबत बदलणे इष्ट. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टच्या ऑइल सीलमधून गळती असल्यास ती आधी थांबवावी, कारण तेलाने रबर खराब होते. हे सर्व भाग एकाच आवरणाखाली असल्याने मजुरी जवळजवळ एकदाच पडते.

बेल्ट बसविताना वेळेच्या खुणा जुळवाव्यात, बेल्टला घडी पडू देऊ नये व इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्यात. काम झाल्यावर दिनांक व किलोमीटर यांची नोंद करून ठेवावी.

निष्कर्ष :
टायमिंग बेल्ट बिघडल्यावर दुरुस्त करण्याचा नव्हे, तर मुदतीत बदलण्याचा भाग आहे. ही मुदत अंतर व काळ या दोहोंनी ठरते आणि कमी मोटार चालविणाऱ्यांच्या बाबतीत काळाची मर्यादाच प्रथम येते. टेन्शनर, आयडलर आणि आवश्यक तेथे पाण्याचा पंप व सील यांसह बेल्ट बदलल्यास मोठी हानी आणि दुहेरी मजुरी, दोन्ही टाळता येतात.